काजात बसलेलं भलतं बटण

सासूबाईंनी आपली कात्री लेकीला देऊन टाकली, त्या दिवशी मास्तरांच्या घरात खरी भीती शिरली.

कात्री साधीसुधी नव्हती. काळ्या मुठीची, लांब पात्यांची. कापडातून अशी सरसर जायची की बघत राहावं. सासूबाई नाटकगृहात कपडेपट सांभाळायच्या. राजाचे झगे, शिपायांचे डगले, भुतांची पांढरी धोतरं म्हणा की चादरी म्हणा, सगळं त्या कात्रीखालून गेलेलं. त्या कात्रीनं कुणी कागद कापला की संपलंच. लेकीनं लहानपणी एकदा त्याच कात्रीनं चित्रं कापली होती, त्याची हकिगत अजून पाहुण्यांना ऐकवली जायची, आणि दर वेळी त्यात एक जास्तीची चापटी घातली जायची.

आणि ही बाई एका रविवारी भर जेवणात, चार चमचे सूप पिऊन वाटी बाजूला सारते, कात्री पुसते, लेकीपुढे ठेवते आणि म्हणते, "घे गं. तुझ्याकडेच असू दे आता."

"आता म्हणजे?" लेकीनं विचारलं.

"आता म्हणजे आता. प्रत्येक शब्दाचा कीस नको पाडूस."

लेकीनं नवऱ्याकडे पाहिलं. मास्तरांनी सूपाकडे पाहिलं. सूपात बघण्यासारखं काही नव्हतं, पण माणूस तरी कुठं बघणार?

सासूबाई म्हणजे खाणारी बाई. खाणारी म्हणजे हावरट नव्हे हं! मन लावून, चवीनं, दुसऱ्यालाही भूक लागेल अशी खाणारी. नाटकाचा प्रयोग संपला की नटमंडळी मुद्दाम तिच्या शेजारची खुर्ची पकडायची, कारण तिच्या शेजारी बसलं की पाव आणि उकडलेलं अंडंसुद्धा मेजवानी वाटायचं. आणि गेले कित्येक आठवडे हीच बाई दोन घासांत "झालं माझं" म्हणत होती. पोटाला तडस लागायची. सकाळचं खाल्लेलं संध्याकाळपर्यंत तिथंच बसून आहे असं वाटायचं. गालफडं आत गेली, कपड्यांना आतून टाके घालायची वेळ आली. ते टाके तिनंच घातले, कुणाला न सांगता. पण शिंपिणीनं स्वतःचा कपडा आवळला तर लेकीला कळणार नाही होय?

डॉक्टरांनी सांगितलं होतं, कॅमेऱ्याची नळी घालून पोट आतून बघू. तर सासूबाईंचं एकच पालुपद, "मला नळीबिळी काही घालून घ्यायची नाही."

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. सासऱ्यांचंही असंच सुरू झालं होतं. दोन घासांत पोट भरायचं. मग नळी घातली, मग गाठ दिसली, मग पुढचं सगळं. सासूबाईंच्या मनानं घेतलं होतं की आता आपली पाळी. नळी घातली की गाठ दिसणार. नाही घातली तर निदान दिसणार तरी नाही. एकदा माणसाच्या मनानं घेतलं की त्याच्यापुढे डोकं आपटून काय उपयोग?

आता मास्तरांची गंमत ऐका. हा माणूस आयुष्यभर पोटांचाच अभ्यास करत आलेला. गोळ्या देणारा डॉक्टर नव्हे. वैद्यकीय कॉलेजात शरीर कसं चालतं ते शिकवायचं आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसून पोटाचा स्नायू कधी आवळतो, कधी सैल पडतो ते बघत राहायचं, हे त्यांचं काम. सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "आमचे जावईबापू उंदरांच्या पोटाची खुशाली विचारतात. पगार मिळतो त्याचा!" आणि मोठ्यानं हसायच्या. हल्ली तो विनोदही बंद झाला होता, आणि मास्तरांना तो विनोद ऐकू येत नाही याचंच फार वाईट वाटत होतं. सगळ्या जगाच्या पोटाची उठाठेव करायची आणि घरातल्या बाईला दोन घास जात नाहीत त्यावर आपल्याकडे उत्तर नाही, हे त्यांच्या मनाला लागलं होतं.

सोमवारी सकाळी ते प्रयोगशाळेत गेले ते असे आंबलेल्या तोंडानं.

प्रयोग तसा रोजचाच. काचेचं एक उभं भांडं, आत अंगाइतकं कोमट मिठाचं पाणी, त्यात थोडी साखर, खालून प्राणवायूचे बुडबुडे. त्या पाण्यात उंदराच्या जठराची एक बारीक पट्टी दोऱ्यानं टांगायची. खालचं टोक आकड्याला, वरचं टोक एका नाजूक यंत्राला. पट्टी आवळली की पडद्यावर रेघ वर चढते, सैल पडली की खाली येते. शरीरातून काढली तरी कितीतरी तास ती पट्टी जिवंत असते आणि आपल्या लयीत हलकेच हलत असते. मास्तरांना इतक्या वर्षांनीही त्याचं नवल वाटायचं.

त्या पाण्यात ॲसिटिलकोलिनचा एक थेंब टाकला की पट्टी ताडकन आवळते. हा आपल्या नसांचा निरोप्या. पोटातल्या नसांच्या टोकांतून तो सुटतो, स्नायूच्या पेशीवर त्याच्या मापाची जागा असते, तिथं जाऊन बसतो, आणि पेशीला कळतं की चला, आवळायची वेळ झाली. दुसरे काही निरोपे उलटं सांगणारे असतात, की बाबा, आता सैल सोड. दोघांच्या ओढाताणीतून पोट घुसळतं, अन्न पुढे ढकलतं. आपण मजेत गप्पा मारत बसतो तेव्हा आत हा सगळा कारभार चालू असतो, आणि आपल्याला कुणी विचारतही नाही.

मास्तरांनी थेंब टाकला. रेघ ढिम्म.

आणखी टाकला. ढिम्म.

मग मास्तरांचं डोकं फिरलं. "मेलेली पट्टी!" म्हणत त्यांनी ती काढली आणि नवी टांगली. तिला सवय व्हायला वेळ दिला. थेंब टाकला. तीही मख्ख. मग मिठाच्या पाण्यावर खापर फोडून झालं, प्राणवायूच्या नळकांड्यावर फोडून झालं. यंत्रालाही दोन टपल्या बसल्या. कुणी बिचारं सापडलं असतं तर त्याच्यावरही फोडलं असतं, पण खोलीत कुणी नव्हतं.

तेवढ्यात विभागाच्या मोठ्या बाई आल्या. निवृत्तीला टेकलेल्या, चष्मा कपाळावर, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यानं आधी खुर्ची पकडावी.

"काय रे, सकाळी सकाळी स्नायूशी भांडतोयस?"

"बाई, दोन पट्ट्या झाल्या. एकही आवळत नाही. पट्ट्याच खराब आहेत."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"शनिवारी या भांड्यात शेवटी काय घातलं होतंस?"

शनिवारी विद्यार्थ्यांना ॲट्रोपिन दाखवलं होतं. ॲट्रोपिन म्हणजे लबाड पाहुणा. निरोप्याच्या जागेवर आधीच जाऊन बसतं, स्वतः काही सांगत नाही, आणि खऱ्या निरोप्यालाही टेकू देत नाही. काचेला, नळीला जरासं चिकटून राहिलं तरी दुसऱ्या दिवशीच्या पट्टीची वाट लागते. म्हणून त्या प्रयोगशाळेत बाईंनी फार पूर्वी एक रीत घालून दिली होती. ज्या भांड्यात ॲट्रोपिन गेलं, त्याच्या तोटीला लाल दोरा बांधायचा. लाल दोरा दिसला की मुकाट्यानं भांडं धूत सुटायचं, धुऊन धुऊन हात भरून येईपर्यंत. मगच दोरा सोडायचा.

"मग दोरा कुठाय?" बाईंनी विचारलं.

"रीळ संपलं होतं. म्हटलं सोमवारी लक्षात राहील."

"राहिलं का?"

मास्तरांचा चेहरा असा झाला की बाईंनाच हसू फुटलं. "अरे, पट्टीला काय शिव्या देतोस! ती बिचारी तयारच बसलीय. तिचे दरवाजे कुणीतरी अडवून ठेवलेत. धू आधी. आणि दोरा आण."

मास्तरांनी धुतलं. पुन्हा धुतलं. बाही कोपरापर्यंत भिजली. तिसरी पट्टी टांगली, ती निवांत झाली, थेंब टाकला, आणि रेघ अशी वर चढली की पडद्याबाहेर जाते की काय! मास्तर हसले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसले. पण तेव्हाही त्यांच्या डोक्यात काही आलं नाही, हं. लोकांना वाटतं विद्वान माणसांच्या डोक्यात दिवे सटासट लागतात. छे! संध्याकाळी ते घरी निघाले तेव्हा डोक्यात फक्त लाल दोरा होता.

घरी सासूबाई खिडकीपाशी बसून राजाच्या झग्याची किनार शिवत होत्या. कात्री नव्हती, म्हणून दोरा दातानं तोडायला बघत होत्या.

"आई, लाल दोऱ्याचं एक रीळ द्याल का? प्रयोगशाळेसाठी हवंय."

"उंदरांना झगे शिवायला घेतलेत वाटतं." विनोद केला खरा, पण आवाजात जीव नव्हता. डब्यातून त्यांनी लाल रीळ काढलं. "थांबा, जुनं आहे. मधेच कुजलंय का बघते." त्यांनी थोडा दोरा ओढला, सुईत ओवायला घेतला, आणि शेजारच्या पाण्याच्या वाटीत त्याचं टोक बुडवलं.

मास्तर बघत राहिले.

लग्न झाल्यापासून त्यांनी या बाईला हजारदा सुई ओवताना पाहिलं होतं. दोऱ्याचं टोक ओठांत धरायचं, जिभेनं ओलं करायचं, एका फटक्यात सुईच्या नाकातून पार. बोलता बोलता, हसता हसता. वाटी कधीच नव्हती.

"आई, वाटी कशाला?"

"तोंडाला ओल राहत नाही हो हल्ली. वाळवंट झालंय नुसतं. वय झालं."

"वाचताना डोळे धूसर? पोट साफ होत नाही?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" सासूबाईंनी दचकून वर पाहिलं. "लेकीनं?"

कुणी सांगितलं? ते तर मास्तर दर वर्षी वर्गात फळ्यावर लिहून द्यायचे! तोंड कोरडं, दृष्टी धूसर, पोट सुस्त. ॲट्रोपिन आणि त्याची भावंडं शरीरात गेली की हेच होतं. मास्तरांना एकदम घाम फुटला. सकाळी भांड्यात जे झालं तेच समोर खुर्चीत बसलं होतं, आणि आपण आठवड्यामागून आठवडे नुसते सूपात बघत बसलो!

"आई, एखादी नवी गोळी सुरू केलीय का तुम्ही?"

"नाही."

इतक्या घाईनं "नाही" आलं की मास्तरांना कळायचं ते कळलं. सासूबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि त्या झग्याची किनार अशी निरखत होत्या जणू पहिल्यांदाच पाहतायत. मास्तरांनी बायकोला हाक मारली.

"तुम्ही जरा स्वयंपाकघरात जा," सासूबाई म्हणाल्या.

मास्तर गेले. ओट्यापाशी उभे राहून त्यांनी धुतलेल्या बश्या पुन्हा धुतल्या. बाहेर आधी कुजबुज, मग "अगं आई!" असं बायकोचं ओरडणं. मग बायको आत आली. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू, दोन्ही एकदम.

"लघवीची घाई थांबवायची गोळी घेतेय ती," ती हळूच म्हणाली. "नव्या नाटकात दुसरा अंकभर तिला पडद्याआड राजाचा झगा हातात धरून उभं राहावं लागतं. हलता येत नाही. एकदा अगदी फजिती व्हायची राहिली. म्हणून नाटकगृहाजवळच्या दवाखान्यातून गोळी आणली. जावयाला काय सांगू, म्हणे."

"आणि आपल्या डॉक्टरांना?"

"त्यांनाही नाही. पोटाचा आणि त्या गोष्टीचा काय संबंध, म्हणाली."

मास्तर भिजल्या हातांनी बाहेर आले. सासूबाईंनी मान वर केली नाही. अशा वेळी काय बोलावं हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली, समोर बसले आणि राजाच्या झग्यावरच्या काजावर बोट ठेवलं.

"आई, स्नायूवर अशी काजं असतात. नसा बटण पाठवतात, ते काजात बसलं की स्नायू आवळतो. पोटाच्या स्नायूवर जी काजं आहेत तीच मूत्राशयाच्या स्नायूवर. लाळेच्या ग्रंथींवरही तीच."

"तीच? एका मापाची?"

"जवळजवळ एकाच मापाची. तुमच्या गोळीत दुसरं बटण आहे. ते काजात नुसतं बसतं. काही करत नाही, उठत नाही. मूत्राशय आवळू नये म्हणून दिलेलं. पण ते काय, पत्ता विचारून थोडंच जातं? जिथं काज दिसेल तिथं बसतं."

सासूबाईंचा हात थांबला. अवघडलेपण गेलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर कपडेपटातली बाई परत आली, कुणीतरी चुकीचा डगला घातलेला पाहिल्यावर यायची तशी.

"म्हणजे माझ्या सगळ्या काजांत भलतीच बटणं बसलीत म्हणा की!"

"मला तसं वाटतंय."

"आणि पोट?"

"पोट बिचारं तयारच बसलं असेल." हे बाईंचं वाक्य होतं, पण मास्तरांनी ते खुशाल वापरलं. मग त्यांनी सकाळची सगळी हकिगत सांगितली, दोन मेलेल्या पट्ट्या, नळकांड्यावर फोडलेलं खापर, न बांधलेला लाल दोरा. स्वतःची फजिती सांगताना हातचं काही राखलं नाही. सासूबाई हसल्या. मोठ्यानं नाही, पण हसल्या.

"पण हे मला वाटतंय," मास्तर म्हणाले. "मी उंदरांचा माणूस. उद्या तुमच्या डॉक्टरांकडे जाऊ, आणि त्यांना गोळीचं सांगायचं. सगळं."

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, गोळी पाहिली, मान डोलावली आणि ती थांबवली. त्या दुखण्यावर दुसरे उपाय आहेत म्हणाले. व्यायाम सांगितला, लागलीच तर वेगळ्या जातीची गोळी देईन म्हणाले. सासूबाई पर्स उचलून उठणार इतक्यात ते म्हणाले, "पण कॅमेऱ्यानं बघायचंच. गोळीमुळे असेल, बहुतेक असेलच, पण बहुतेकवर मी तुम्हाला सोडणार नाही."

लेकीनं आईचा हात धरला. सासूबाई मास्तरांकडे वळल्या.

"जावईबापू, ती तुमची तिसरी पट्टी. धुतल्यावर खरंच हलली?"

"खरंच हलली, आई."

"मला बरं वाटावं म्हणून सांगत नाही ना?"

"बरं वाटावं म्हणून सांगायचं असतं तर पहिल्या दोन पट्ट्यांचं कशाला सांगितलं असतं?"

सासूबाईंनी पर्स मांडीवर ठेवली. "घाला नळी," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "पण जे दिसेल ते माझ्यादेखत बोलायचं. ह्यांच्या वेळी सगळे बाहेर जाऊन बोलत होते."

नळी घातली त्या दिवशी मास्तर आणि बायको बाहेरच्या बाकावर बसले होते. बायकोनं नवऱ्याच्या बाहीची गुंडी पिळून पिळून तोडली. मग दार उघडलं आणि डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले, "आत या. त्यांच्यासमोरच बोलायचंय, तशी ताकीद आहे." गाठ नव्हती. जखम नव्हती. सगळं स्वच्छ, गुलाबी. पोट फक्त सुस्तावलं होतं. बायको तिथंच आईच्या पायांशी बसून रडली आणि सासूबाई तिच्या डोक्यावर हात फिरवत राहिल्या.

पोट काही लगेच ताळ्यावर आलं नाही. पहिले काही दिवस सासूबाई सूपाकडे संशयानंच बघायच्या. मग तोंडाला ओल आली. मग एकदा सकाळी पाव आणि लोणी पूर्ण संपलं, आणि बशी धुण्याआधी बायकोनं ती मास्तरांना नेऊन दाखवली. नाटकगृहात दुसऱ्या अंकात झगा धरायला आता एक तरुण मदतनीस बाई उभी राहू लागली, आणि तिला तो कसा धरावा हे सासूबाईंनी इतकं शिकवलं की ती बिचारी त्याचीच स्वप्नं बघत असेल.

मग एक रविवार आला. टेबलावर तेच सूप, पाव, मोठं ऑम्लेट. बायको ताटं मांडत होती. सासूबाई खिडकीपाशी प्रयोगशाळेसाठी लाल दोऱ्याचं दुसरं रीळ गुंडाळत बसल्या होत्या, "पुन्हा रीळ संपलं म्हणू नका" असं बजावत. खोलीत कुणी बोलत नव्हतं, आणि त्या शांततेत एक आवाज आला. गुर्र… गुर्रर्र… अगदी लांबलचक, निर्लज्ज.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कुणाचं पोट बोललं?" बायको म्हणाली.

"माझं," सासूबाई म्हणाल्या, आणि स्वतःच चकित होऊन पोटावर हात ठेवून बसल्या. "अगं बाई! माझं! भूक लागलीय मला!"

मास्तरांनी आयुष्यात पडद्यावर हजारो रेघा चढताना पाहिल्या होत्या. पण या आवाजाला त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

सासूबाईंनी सूप संपवलं. पावाचा दुसरा तुकडा घेतला. ऑम्लेटचा मधला, सगळ्यांत जाड भाग आपल्या बशीत ओढला, मन लावून खाल्ला, आणि त्यांच्याकडे बघून मास्तरांनाही भूक लागली. खाऊन झाल्यावर त्यांनी डबा जवळ ओढला. दोऱ्याचं टोक ओठांत धरलं, ओलं केलं, आणि एका फटक्यात सुईतून पार. पाण्याची वाटी सकाळपासून ओट्यावर पालथी पडली होती, तिची कुणाला आठवणही नव्हती.

किनारीवर चार टाके घालून त्यांनी गाठ मारली, दोरा तोडायला हात पुढे केला, आणि हात रिकामा राहिला.

"काय गं," त्या लेकीवर डाफरल्या, "माझी कात्री कुठंय? इतके दिवस झाले, परत द्यायचं नाव नाही!"

लेक धावतच आत गेली. कात्री तिनं कपाटात स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवली होती आणि एकदाही वापरली नव्हती. तिनं ती आणून आईच्या हातात दिली. सासूबाईंनी पाती उघडून उजेडात धरली, धार बघितली, आणि म्हणाल्या, "कागद तर नाही ना कापलास या कात्रीनं?"